गळीत हंगामातला सीडी प्लेअर

दिवाळीचे फटाके संपतात, दोन दिवस कानांना जरा उसंत मिळते, तोच उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत मावेल त्याच्या दीडपट ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर, जिथे माणसं सावलीसाठी छत लावतात तिथे, आवाजाची दोन खोकी. ट्रॅक्टर लोणखेड्याच्या वळणावर असतो तेव्हाच आमच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं बोलायला लागतात. गाणं कोणतं ते कळत नाही. शब्द नाहीत, सूर नाही, नुसते दणके. दारासमोरून गेला की मागे उसाची दोन-चार टिपरी आणि पाचटाचा कचरा सोडून जातो. यालाच आमच्याकडे हल्ली 'साउंड' म्हणतात. 'त्यान्हा साउंड भारी शे,' असं एखाद्याच्या मुलाच्या शिक्षणाबद्दल बोलावं इतक्या आदराने बोलतात.

यंदा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात आमचा पाच सीडींचा प्लेअर मेला. बंद पडला, बिघडला असं लिहीत नाही. मेला. या दिवसाची मी वीस-बावीस वर्षं वाट पाहिली होती.

दिसायला तो भपकेबाज होता. काळा, रुंद, पुढे निळे दिवे, आवाजाबरोबर वरखाली नाचणाऱ्या रेघा. आत एक गोल थाळी आणि थाळीत पाच सीडी, सवाष्णींच्या पंगतीला वाढल्यासारख्या. बटण दाबलं की थाळी फिरायची आणि पुढची सीडी तोंडापुढे यायची. हे सगळं तो अगदी न चुकता, न अडकता, मृदूपणे करायचा. फक्त आवाज असा, की गाणारा माणूस कणगीत बसून गातोय आणि वरून कुणीतरी गोधडी टाकली आहे. डग्ग्याचं ढुमढुम तेवढं भरपूर. तंबोरा म्हणजे शेजारच्या घरातला मिक्सर. असलं यंत्र दोन वर्षांत मरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते मरेना. वीज कमी-जास्त झाली, उंदराने मागची वायर कुरतडली, नातवाने थाळीवर बिस्किट ठेवलं, तरी ते मरेना. वाईट गोष्टींना आयुष्य फार.

पाच सीडी ही माझी हौस नव्हती, गरज होती. विलंबित ख्याल ऐन भरात येतो तेव्हा बाईमाणसाचे हात कणकेत असतात. कणकेच्या हातांनी सीडी बदलता येत नाही. एकदा पाच लावल्या की पोळ्या, भाजी, भांडी, सगळं उरकेपर्यंत गाणं चालू राहावं, एवढाच हिशेब. लग्नाआधी मी धुळ्याला दहा वर्षं गाणं शिकले. लग्नानंतर ते कुणी बंद केलं नाही. सासू चांगली होती, नवऱ्याने कधी नाही म्हटलं नाही. पण नवरा साखर कारखान्यात मिल फिटर. हंगामात कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. पाळी करून आलेला माणूस भर दिवसा झोपतो आणि दिवसा झोपणाऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात रियाज होत नाही. सहा महिने गळा बंद ठेवला की उरलेले सहा महिने तो उघडत नाही. मग ऐकणं तरी राहू दे म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला यंत्र नकोच होतं. मला शेजारी बसून ऐकणारं एक माणूस हवं होतं. चांगली जागा आली की ज्याच्याकडे बघावं आणि त्यालाही ती कळलेली असावी, असं एक माणूस. यंत्र आणलं की माणूस आपोआप येऊन बसेल, असं तेव्हा वाटलं होतं. वय अडतीस असूनही माझी अक्कल बेताचीच होती.

तर यंदा पुन्हा प्लेअर शोधणं आलं. भाच्याला सांगितलं. तो शहाद्याला मोबाइलचं दुकान चालवतो आणि जगातलं सगळं ज्ञान आपल्याला कळलं आहे अशा चेहऱ्याने काचेमागे उभा असतो.

"मामी, आते कोन ऐकस सीडी? मोबाइलमा बठ्ठं येस. फुकट येस."

फुकट येतं हे खरं आहे. काजळीही फुकट येते. त्याने मला हातात मावणारा एक लाल डबा दाखवला, त्यावर गाणं लावलं आणि डबा काउंटरवरून थरथरत पुढे सरकायला लागला. भाचा अभिमानाने म्हणाला, "दखा, चाली ऱ्हायना." ज्या गाण्याने डबा चालतो ते गाणं चांगलं, ही यांची कसोटी. मी त्याला म्हटलं, मला चालणारं यंत्र नको, एका जागी बसणारं हवं आहे. तो हसला. या पिढीला म्हाताऱ्या बाईचं बोलणं नेहमी विनोदीच वाटतं.

मग इंटरनेटवर वाचलं. तिथे तर विद्वानांची जत्रा. एकजण लिहितो, अमुक प्लेअरचा आवाज उबदार आहे. दुसरा लिहितो, छे, थंड आहे. जणू आंघोळीचं पाणी. तिसऱ्याने केवळ वायर बदलली आणि त्याला म्हणे गायिकेच्या मागची भिंत दिसायला लागली. दिसायला लागली तर डोळे तपासून घ्यावेत. सहा सीडींची डबी आत सरकवायची की पाच सीडींची थाळी फिरवायची, यावर दोन माणसं तीन पानं भांडली होती आणि दोघांनीही एकाही गाण्याचा उल्लेख केला नव्हता.

माझी परीक्षा साधी आहे. माझ्याकडे एका बाईंची जुनी सीडी आहे. तंबोरे जुळलेले असतात आणि पहिल्या 'सा'च्या आधी त्या श्वास घेतात. मोठा नाही, आपण दार उघडण्याआधी घेतो तेवढाच. ज्या यंत्रातून तो श्वास ऐकू येतो ते यंत्र चांगलं. आवाज अगदी बारीक ठेवायचा, डोळे मिटायचे आणि वाट पाहायची. श्वास आला तर घ्या, नाही आला तर ते दिवे लुकलुकवणारं खोकं आहे, दुकानदार काहीही म्हणो.

ही परीक्षा मी पहिल्यांदा घेतली ती मेलेला प्लेअर घेतला त्या हंगामात.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. कोणता कारखाना ते सांगत नाही, सगळे सारखेच. दिवाळीनंतर चांगला दिवस बघून गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम व्हायचा. पांढऱ्या कपड्यातली पंधरा-वीस माणसं एकाच मोळीला हात लावून फोटोत उभी राहायची. त्यातल्या एकानेही पुढे सहा महिने उसाला हात लावलेला मी पाहिला नाही. भोंगा व्हायचा. मग धुराडं पेटायचं आणि हवेला मळीचा तो गोड, आंबूस, डोक्यात जाणारा वास यायचा. बाहेरून येणारे पाहुणे नाक धरायचे. आमच्या बायका म्हणायच्या, हा लक्ष्मीचा वास. लक्ष्मीला एवढा वास येत असेल तर तिने आमच्याकडे आंघोळीला यायला हवं होतं, असं मी मनात म्हणायची.

आमचे फिटरसाहेब (मी त्यांना अशीच हाक मारायची, गोडीत नव्हे) मिलवर असायचे. उसाचे तुकडे करणारी पाती, भिंतीएवढे रोलर, दात असलेली चाकं. मी एकदाच आत गेले, हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांना कारखाना दाखवला तेव्हा. आत बोलणं शक्यच नव्हतं. कानात घालायला रबरी बोळे द्यायचे. फिटरसाहेबांचे बोळे मला त्यांच्या जेवणाच्या डब्यात सापडायचे, लोणच्याच्या फोडीशेजारी. "ते घाली लिधं तं मशीन काय बोली ऱ्हायनी ते कसं समजी?" असं त्यांचं म्हणणं. मशीनचं बोलणं ऐकायचं होतं त्यांना. घरच्यांचं मेलं कोण ऐकतंय.

मिलवरची माणसं आवाजाने बोलत नाहीत. तोंड मोठं उघडून एकेक शब्द ओठांवर घडवतात आणि जोडीला दोन बोटं वापरतात. चाळीस पावलांवरून दुसरा मान हलवतो. काम चालू असताना हे ठीक आहे. पण वसाहतीतल्या एका लग्नात, बँड कानठळ्या बसवत असताना, आमचे फिटरसाहेब मांडवाच्या या टोकाला आणि त्यांचा जोडीदार त्या टोकाला, असे दोघे ओठांनीच गप्पा मारत उभे होते. मध्ये नवरा-नवरी. ते बघून मला इतकी शरम वाटली की मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले. माणसांत राहायला शिकवायला हवं यांना, असं मी बहिणीला पत्रात लिहिलं. धुळ्याच्या गाणं शिकलेल्या मुलीला हे सगळं फार हलकं वाटायचं. घरातसुद्धा मी छापील मराठी बोलायची ती त्यामुळेच, आणि अजून बोलते.

त्याच हंगामात मला पुटपुटायची सवय लागली. झोपेवरून उठलेला माणूस चिडका असतो, भिंती पातळ असतात, मोठ्याने भांडायची सोय नसते. मग समोर ताट ठेवताना, चहाचा कप देताना, ओठातल्या ओठात बोलून घ्यायचं. आपल्यालाही ऐकू येऊ नये इतक्या बारीक. बोलल्याचं समाधान मिळतं आणि भांडणही होत नाही. त्यात मी पुढे चांगली पटाईत झाले. एखादं हत्यार परजावं तसं रोज परजत राहिले.

डिसेंबरात त्यांची सुट्टी आणि आठवड्याची खरेदी एका दिवशी आली आणि आम्ही प्लेअर घ्यायला नंदुरबारला गेलो. प्रकाशा गावाच्या पुलावरून जाताना तापीचं पाणी शांत होतं. नंदुरबार जवळ आलं हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या जागांवर लाल मिरच्या पसरलेल्या, त्या पालथ्या करणाऱ्या बायकांची तोंडं बांधलेली आणि सगळं गाव शिंकतंय. दुकानात शिरलो तर दुकानदारही नाकाला मफलर लावून खोकत होता. प्रत्येक प्लेअरवर हातभर स्टिकर, स्टिकरवर वॅटचे मोठे मोठे आकडे. तेवढी वीज खरंच लागत असती तर आमचा कारखाना त्यातल्या दोनांवर चालला असता.

"पाच सीडी, साहेब," दुकानदार यांना म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. "एकदाव टाकी दिधी का दिनभर देखानंच नही."

त्याने ढोल-झांजांचं काहीतरी लावलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. गिऱ्हाइकाच्या छातीत धडधडलं की सौदा पक्का, हे या लोकांचं शास्त्र. मी पिशवीतून माझी सीडी काढून दिली. पाचवाल्यात श्वास आला नाही. दुसऱ्या पाचवाल्यात आला नाही. मग फळीवर मागे धूळ खात पडलेला, दिवे नसलेला, तीनच सीडी घेणारा एक करडा प्लेअर मी खाली काढायला लावला. आणि त्याच्यात बाईंनी श्वास घेतला. मिरचीच्या ठसक्यात, रिक्षांच्या गोंगाटात, माझ्या कानाशी येऊन घेतला. अंगावर काटा आला. मी यांच्याकडे वळून पाहिलं. हे त्या वेळी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढत होते.

बेअरिंगची तब्येत पाहायची फिटर लोकांची रीत अशी, की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. दांड्यातून यंत्राच्या पोटातली घरघर कळते. कारखान्यात यावर त्यांचं मोठं नाव होतं. बेअरिंग जाणार की राहणार ते दोन आठवडे आधी सांगायचे आणि ते चुकायचं नाही. तीच परीक्षा त्यांनी नंदुरबारच्या दुकानात, दहा माणसांदेखत, गाणं लावलेल्या प्लेअरच्या डोक्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून घेतली. बाई आलाप करत होत्या आणि आमचे हे आत फिरणाऱ्या चकतीची घरघर ऐकत होते.

"हाऊ तीनवाला खरखरी ऱ्हायना," ते म्हणाले. "दोन सालमा बसी जाई. हाऊ पाचवाला ले. यान्हं बेअरिंग गोड बोलस."

दुकानात लोक हसले. मी म्हटलं, आवाज ऐका ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाचवालाच बांधायला सांगितला. मी काहीतरी पुटपुटले आणि तोंड फिरवलं. कुणी जुना तंबोरा घ्यायला जावं आणि त्याच्या खुंट्या किती मजबूत आहेत ते बघून घ्यावा, त्यातला हा प्रकार.

त्यानंतरची वर्षं मी कणगीतलं गाणं ऐकत काढली. सुरुवातीला फिटरसाहेब येऊन बसायचे. तेही कसे, तर स्पीकरकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून. मैफलीला जाऊन गवयाकडे पाठ करून बसणारा श्रोता जगात हा एकच. मी पुटपुटायची, दगड आणून ठेवला असता तर त्याने निदान जागा कमी व्यापली असती. थोड्या वेळाने ते उठायचे आणि अंगणात सायकलची चेन साफ करत बसायचे. पुढे पुढे येईनासे झाले. हाक मारली तर कधी ओ द्यायचे, कधी नाही. टीव्हीचा आवाज वाढवायचे. फोनवर ओरडून बोलायचे. मी याला बेपर्वाई म्हणायची, माजोरीपणा म्हणायची. मुलीला सांगायची, तुझ्या बापाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. मुलगी हसायची. रिटायर होऊन लोणखेड्याला घर बांधलं, कारखाना सुटला, माझं पुटपुटणं काही सुटलं नाही.

मागच्या पंधरवड्यात आम्ही अक्कलकुव्याला गेलो. तिथे हमरस्त्यालगत इस्माईलभाईंचं पत्र्याचं दुकान आहे. त्यांचे वडील गॅसबत्त्या आणि रेडिओ दुरुस्त करायचे, हे अॅम्प्लिफायर आणि प्लेअर करतात. सुरतेच्या भंगारात मोठ्या घरांनी टाकून दिलेली यंत्रं येतात, त्यातली चांगली निवडून आणतात आणि महिना-महिना बसून उभी करतात. डोंगरातल्या गावांतून बाजाराला आलेली पोरं शेजारच्या दुकानात नाचणाऱ्या दिव्यांचे डबे घ्यायला गर्दी करतात. इस्माईलभाईंच्या दुकानात गर्दी नव्हती. मला तिथेच जरा बरं वाटलं.

त्यांनी एक पाच सीडींचा प्लेअर पुढे ठेवला. साधा, रुंद, दिवा एकच. दोन लहान लाकडी स्पीकर जोडले. आवाज मी सांगण्याआधीच त्यांनी बारीक केला, आणि त्यावरूनच मला कळलं की हा माणूस ऐकणारा आहे. मी सीडी दिली. तंबोरे आले, चारही तारा वेगळ्या वेगळ्या. ट्रक जात होते, पत्रा हलत होता, आणि बाईंनी श्वास घेतला.

मी डोळे उघडले. फिटरसाहेब नेहमीसारखे स्पीकरकडे पाठ करून, स्टुलावर, माझ्याकडे बघत बसलेले.

"चांगला शे," ते म्हणाले. "हाऊच ले."

तुम्हाला काय डोंबल कळलं, असं मी ओठातल्या ओठात म्हटलं आणि त्यांनी मान बाहेर रस्त्याकडे वळवली. इस्माईलभाई त्यांच्या मागे बसून काहीतरी डाग देत होते. त्यांनी यांना विचारलं, "भाऊ, चहा?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनी हातातली कथिलाची तार खाली ठेवली.

"भाबी, भाऊले मांगून हाक मारी दखा बरं."

मी उठून मागे गेले आणि "अहो" म्हटलं. ते रस्त्याकडे बघत राहिले. पुन्हा, मोठ्याने म्हटलं. काही नाही. मग एका ट्रकने जवळून हॉर्न दिला आणि ते दचकून वळले, आणि मला मागे उभी बघून चपापले.

"ऐकणारा माणूस आवाज जठून येस तठे देखस," इस्माईलभाई हळूच म्हणाले. "भाऊ कवयपासून तुमनं तोंड देखी ऱ्हायनात."

बाहेर चहाच्या टपरीवर मी यांना समोर बसवून विचारलं, की तुम्हाला ऐकू येत नाही का.

"येस ना. ढोल येस, ट्रक येस. तुन्हा आवाज आर्धा येस. आर्धा मी देखी लेस."

"कधीपासून?"

"त्या हंगामपासून. नंदुरबारले गयथूत ना, त्या सालपासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वेड्यासारखं काहीतरी विचारते आहे.

"तुले तं ठाऊकच व्हतं. तूच तं म्हणनी व्हती, त्या दुकानमा. बापनी माले बहिराना गळामा बांधं."

बापाने मला बहिऱ्याच्या गळ्यात बांधलं. मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते शब्द माझे आहेत, त्यात शंका नाही, असले शब्द आमच्या घरात दुसरं कुणी वापरत नाही. मी ते रागाने म्हटलं असणार, जसं कुणीही नवऱ्याला म्हणतं. आणि त्या माणसाला तेव्हा नुकतंच कळायला लागलं होतं की आपले कान चालले आहेत. तो ते मला कसं सांगावं याचा विचार करत असणार. त्याला वाटलं, हिला कळलं आहे. हिला कळलं आहे आणि ही असं म्हणते आहे. मग सांगायचं काय उरलं.

"बाकीचंही सगळं?" मी विचारलं. टपरीवरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज काढलाच नाही, पण त्यांना त्याची गरज नव्हती.

"कान गयात," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "डोया नही गयात."

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसणार नाहीत. तळोद्याच्या पुढे केळीच्या बागा लागल्या, उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते, आणि मी आठवत होते की काय काय म्हटलं होतं. ताट वाढताना. औषध देताना. मुलीच्या लग्नात, मांडवात, त्यांच्याकडे बघून हसत हसत. जे शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून मी बारीक आवाजात बोलले ते सगळं त्यांच्यासाठी मोठ्यानेच होतं. ओठांना मोठा आवाज आणि बारीक आवाज असं काही नसतं. मिलमध्ये लोखंडाच्या गडगडाटात शब्द टिपणाऱ्या माणसासमोर मी वीस वर्षं, हातभर अंतरावरून, रोज.

आणि ते समोर बसायचे ते गाण्याकडे पाठ करायला नव्हे. माझ्या तोंडावर जागा कधी येते ते बघायला. तेवढंच गाणं त्यांना मिळत होतं. मी त्यांना त्या तोंडावर काय दाखवत होते ते मी वर लिहिलंच आहे. याहून वाईट म्हणजे, ज्यांची झोप मोडू नये म्हणून मी गळा बंद ठेवला, त्यांची झोप गाण्याने मोडलीच नसती. निदान त्या हंगामानंतर तरी नाही. मी खुशाल गाऊ शकले असते. ट्रॅक्टरवाल्यांना, भाच्याला, इंटरनेटवरच्या विद्वानांना कान नाहीत म्हणून हिणवत फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात वीस वर्षं काय चाललं आहे ते ऐकू आलं नाही. इतक्या तुच्छतेने मी आजवर कुणाबद्दल विचार केला नव्हता, आणि मी पुष्कळांबद्दल केला आहे.

प्लेअर काल आला. इस्माईलभाईंनी भुसा भरलेल्या खोक्यात बांधून एसटीने पाठवला. दुपारी मी तो समोरच्या खोलीत लावला, पाच सीडी थाळीत ठेवल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले. यांना हाक मारली नाही, जाऊन हाताला धरून आणलं. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, डॉक्टरकडे बसतात तसे. अंगणात ऊन होतं. बाई गायला लागल्या. यंत्र खरोखर चांगलं आहे. इतकी वर्षं मी मागितलेलं सगळं त्यात आहे, तंबोऱ्याची प्रत्येक तार, बोटांचा लाकडावरचा सरकता आवाज, श्वास. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

मी तोंड मोठं उघडलं आणि आवाज न करता, मिलवाल्यांसारखा एकेक शब्द ओठांवर घडवत सांगायला लागले, की त्या दिवशी दुकानात मी जे.

त्यांनी हात वर केला.

"गानं चालू शे," ते म्हणाले. "तू ऐक."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांना माझं काहीच ऐकू येत नाही, हे आता मला ठाऊक आहे.